मॉडेल रेल्वेच्या घाटात काजवे: ऑप्टिकल फायबरच्या रोषणाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोर घाटाचा एक तुकडा, जूनचा पहिला आठवडा, अमावस्येच्या आसपासची रात्र. पाऊस अजून जोर धरायचा आहे. दरीत खोपोलीचे दिवे, कड्याच्या बाजूला काजव्यांनी भरलेलं झाड, आणि कर्जतहून मागे बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) लावून चढणारी गाडी. हे दृश्य मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या ८७व्या भागाएवढं) उभं करताना जे प्रश्न पडतात, आणि ते पाहणारे जे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सिग्नल आणि गावातले दिवे यांचंही त्यात आहे, पण सर्वांत जास्त जागा काजव्यांना दिली आहे. ते जमले की बाकीचं सगळं त्याहून सोपं असतं. बहुतेक दिवे ऑप्टिकल फायबरचे, म्हणजे एका टोकाचा प्रकाश दुसऱ्या टोकाला नेणाऱ्या बारीक धाग्यांचे आहेत.

इतके बारीक एलईडी मिळतात, मग फायबर कशाला?

एचओ म्हणजे १:८७. बाजारात सहज मिळणारा ०४०२ मापाचा एलईडी १ मिमी लांब आणि अर्धा मिमी रुंद असतो. ८७ने गुणलं तर तो जवळजवळ ९ सेंमी लांबीचा दिवा झाला. रस्त्यावरच्या खांबाला तो शोभतो, काजव्याला नाही. काजवा सेंटीमीटरभराचा, म्हणजे एचओमध्ये मिलिमीटरचा नववा-दहावा भाग. ०.२५ मिमीचा फायबर त्याच्या दुपटीहून थोडा जाड पडतो, पण अंधारात डोळ्याला तो फक्त एक बिंदू दिसतो आणि ते पटतं.

दुसरं कारण तारांचं. झाडावर साठ काजवे हवे असतील तर साठ एलईडी आणि एकशेवीस तारा खोडातून खाली न्याव्या लागतील. फायबरच्या बाबतीत वर फक्त धागे जातात. वीज, रेझिस्टर, सोल्डरचे डाग सगळं देखावा ज्यावर उभा आहे त्या पाटाच्या खाली, हाताला येईल अशा जागी राहतं.

मात्र फायबर ठिपका म्हणून दिसायला चांगला, उजेड पाडायला नाही. फलाट उजळायचा, घराच्या खिडकीतून प्रकाश बाहेर आणायचा, तर तिथे एलईडीच लावा.

प्रकाश धाग्याबरोबर वळतो कसा?

आपण वापरतो ते धागे काचेचे नसून पीएमएमए नावाच्या ॲक्रिलिकचे असतात. गाभ्याचा अपवर्तनांक साधारण १.४९ आणि त्यावरच्या पातळ आवरणाचा १.४० च्या आसपास. आतला किरण या सीमेवर पुरेसा तिरका आदळला की बाहेर न जाता पूर्ण परावर्तित होतो, आणि असा आदळत-आदळत दुसऱ्या टोकाला पोहोचतो. १९५४ साली नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी अशाच धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं होतं. आपल्याला नुसता ठिपका न्यायचा आहे.

या आकड्यांचा एक परिणाम कामाला येतो. अशा धाग्याच्या टोकातून प्रकाश मधल्या रेषेपासून सुमारे ३० अंशांच्या शंकूतच बाहेर पडतो. बाजूने पाहिलं तर ठिपका जवळजवळ विझतो. लोक म्हणतात, ‘पेटवलं तर आहे, पण दिसत नाही.’ बहुतेक वेळा टोक चुकीच्या दिशेला असतं. लेआउटसमोर (उभ्या केलेल्या देखाव्यासमोर) माणूस कुठे उभा राहणार हे आधी ठरवा, मग टोकं तिकडे वळवा.

कोणत्या जाडीचा धागा घ्यावा?

काजव्यांना ०.२५ मिमी. दूरच्या गावाला ०.२५ आणि ०.५ मिसळून. सिग्नलला ०.५ किंवा ०.७५. घराबाहेरच्या उघड्या बल्बला ०.७५, कारण साध्या बल्बचा ६० मिमी व्यास एचओमध्ये जेमतेम ०.७ मिमी होतो.

एन स्केलवाल्यांनी १:१६० धरून हिशेब करावा. तिथे ०.५ मिमीचा धागासुद्धा ८ सेंमीचा दिवा होतो.

धागे मिळतात कुठे?

छतावर तारांगण करण्यासाठी जे संच विकतात त्यात ०.७५ किंवा १ मिमीचे धागे असतात. बारीक धाग्यांसाठी जत्रेत मिळणारा झुपकेदार दिवा उत्तम. वरून पसरलेल्या केसांसारखा, टोकं रंगीत चमकणारा. तो सोडवला की शेकडो बारीक धागे हाती येतात. लांबी कमी असते, पण झाडाला तेवढी पुरते. रीळ विकत घ्यायचं तर ‘एंड ग्लो’ प्रकार मागा. ‘साइड ग्लो’ धागा बाजूंनीही उजळतो आणि आपल्या कामाचा नाही.

इंटरनेटवाल्यांनी टाकून दिलेली फायबर केबल चालेल का?

नाही, आणि तिला हातही लावू नका. ती काचेची असते. घरोघरी येणाऱ्या केबलमध्ये प्रकाश वाहणारा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा असतो, त्यात एलईडीचा उजेड शिरणारच नाही. शिवाय तुटलेल्या काचेचे तुकडे कातडीत घुसले तर सहज काढता येत नाहीत, डोळ्यात गेले तर फार वाईट.

काजव्यांसाठी एलईडी कोणता? हिरवाच ना?

हिरवा, पण कोणता हिरवा यावर सगळं अवलंबून आहे. हल्लीचे झगझगीत हिरवे एलईडी ५२० ते ५२५ नॅनोमीटरचे असतात. तो सिग्नलचा हिरवा झाला. काजव्याचा प्रकाश पिवळसर पोपटी असतो. त्याला जवळचा आहे जुन्या पद्धतीचा, ५६५ ते ५७० नॅनोमीटरचा मंद हिरवा एलईडी, जुन्या ॲम्प्लिफायरच्या पट्टीवर लागायचा तो. दुकानदार तो कमी उजेडाचा म्हणून बाजूला सारतात. आपल्याला नेमका तोच हवा, रंगासाठीही आणि मंदपणासाठीही.

तो साधारण २.१ व्होल्टवर चालतो. ५ व्होल्टला २२० ओमचा रेझिस्टर लावला की सुमारे १३ मिलिॲम्पिअर जातात, पुरेसे आहेत. गावाच्या दिव्यांना पांढरा एलईडी १२ व्होल्टवर १ किलोओमसोबत लावा, ९ मिलिॲम्पिअरच्या आसपास येतील. रुळांमधून वीज घेऊ नका. साध्या डीसी कंट्रोलरवर गाडी मंदावली की गावही मंदावेल. रोषणाईचा पुरवठा कायम वेगळा ठेवा, ५ व्होल्टसाठी जुना मोबाइल चार्जरही चालतो.

एका एलईडीवर किती धागे बसतात?

५ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत १ मिमीचे १९ धागे बसतात. ०.५ मिमीचे चाळीस-पन्नास आरामात मावतात, ०.२५ चे त्याहून बरेच जास्त. पण मावतात म्हणून कोंबू नयेत. एलईडीचा उजेड मध्यावर प्रखर आणि कडेला फिका असतो, त्यामुळे जुडी जाड झाली की कडेचे धागे मंद पडतात. गावासाठी हे उलट चांगलं, कारण खऱ्या गावातही सगळे दिवे सारखे नसतात. सिग्नलला मात्र एक दिवा, एक एलईडी.

जुडी एलईडीला जोडायची कशी?

एलईडीचा गोल माथा आधी पॉलिश पेपरवर घासून सपाट करा. आतली बारीक तार दिसते तिच्या जवळ जायच्या आधी थांबा. मग माथा गुळगुळीत करून घ्या.

काळी हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) एलईडीवर चढवून *आधी* आवळून घ्या, धागे नंतर घाला. धागे आत असताना गरम हवा दिली तर तेच मऊ होऊन चिकटतात. पीएमएमए ७० अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही. जुडी एलईडीला टेकली की बाहेरून काळी टेप गुंडाळा. एलईडीच्या मागच्या बाजूनेही उजेड गळतो, तिथे काळा रंग लावा. पाटाखालची ही गळती फटींतून वर येते आणि डोंगराच्या पायथ्याशी विचित्र हिरवी रेघ उमटते.

टोकं कापायची आणि घासायची पद्धत?

नवीन ब्लेड, खाली कटिंग मॅट, सरळ एक दाब. कात्रीने धागा चेंबतो आणि टोक पांढुरकं होतं.

एलईडीकडचं टोक महत्त्वाचं. सगळे धागे जुडीत बांधा, एकदम कापा, मग ६००, १००० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्याचा थेंब टाकून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. काचेसारखी चमक आली की झालं. याला दहा मिनिटं द्यावीत. एलईडी बदलून जो फरक पडत नाही तो इथे पडतो.

दिसणाऱ्या टोकाचं गणित वेगळं. सिग्नलच्या धाग्याला पेटत्या अगरबत्तीजवळ, न टेकवता, क्षणभर धरलं की टोक फुगून छोटी टोपी तयार होते. ती भिंगाचं काम करते. असा धागा पुढून आत घालायचा आणि मागून ओढून टोपी बसवायची. काजव्याला टोपी करू नका, ठिपका मोठा होतो. उलट त्याचं टोक ६०० नंबरच्या कागदावर हलकं खरवडा, म्हणजे उजेड पसरतो आणि बाजूनेही दिसतो.

काजव्यांचं झाड कसं करायचं?

जुन्या वायरमधली तांब्याची बारीक तार पिळून झाडाचा सांगाडा करतात, तसाच करा. फरक इतकाच की पीळ देताना धागे तारांबरोबर आत घ्यायचे नाहीत. पिळात ते चेंबतात. आधी तारेचं खोड आणि फांद्या पूर्ण करा, मग खोडावरच्या खाचांतून एकेक धागा वर न्या आणि फांदीला फेविकॉलच्या ठिपक्याने धरवा. धागा फांदीच्या टोकापेक्षा २-३ सेंमी पुढे काढून ठेवा, शेवटी कापायचा आहे.

मग खोडावर फेविकॉल आणि बारीक लाकडी भुशाचा थर. धागे त्याखाली गडप होतात. रंग पाण्यातला ॲक्रिलिक, गडद करडा-तपकिरी. त्यानंतर पानांचा स्पंज. सगळं वाळल्यावर एलईडी पेटवून अंधारात धागे एकेक करून कापा. काही पानांच्या बाहेर, काही आत दडलेले. सगळेच बाहेर काढले तर झाड दिवाळीच्या माळेसारखं दिसतं.

कोणतं झाड? सह्याद्रीत काजवे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर बसलेले दिसतात. १२ सेंमीचं झाड एचओमध्ये साडेदहा मीटरचं होतं, ते ठीक आहे. जांभळाचा घुमट गोल आणि दाट, पहिल्यांदा करणाऱ्याला तो सोपा जातो. झाडाखालच्या गवतातही चार-पाच टोकं सोडा, कारण काजवे जमिनीलगतही असतात.

धागा मुळाशी पाटातून खाली वळतो तिथे काटकोन होऊ देऊ नका. जाडीच्या पंचवीसपट त्रिज्येचं वळण सुरक्षित धरावं. ०.२५ मिमीला ते ६-७ मिमी येतं, म्हणजे भोक थोडं तिरकं पाडलं तरी काम होतं. थर्मोकोलच्या डोंगरात दाभण पुरतो, प्लायला ड्रिल.

लुकलुक खरी कशी वाटेल?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि योग्यच आहे. तयार मिळणारे लुकलुकणारे एलईडी काजव्यांना लावू नका. ते चालू-बंद होतात. काजवा उजळतो आणि विझतो, त्यात चढ असतो आणि उतार असतो.

राजमाचीला किंवा भंडारदऱ्याला मेअखेर गेलात तर पाहाल, एखादं झाड संपूर्ण एका तालात पेटतं. मग शेजारच्या झाडाकडे ती लाट जाते. आणि त्यातही काही काजवे आपल्याच नादात असतात. हे तिन्ही पकडायला लागतं.

आर्डुइनो नॅनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या ३, ५, ६, ९, १० आणि ११ क्रमांकाच्या पिना उजेड कमी-जास्त करू शकतात, म्हणजे सहा एलईडी. तीन झाडं धरली तर प्रत्येकाला दोन. झाडाचे तीन चतुर्थांश धागे मुख्य एलईडीवर, हा ताल. उरलेले दुसऱ्या एलईडीवर, हे भटके. भटक्यांचे धागे झाडभर विखरून लावा, एका फांदीवर नकोत.

प्रोग्राममध्ये मुख्य एलईडीला झटकन चढवा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेऊन उतरवा, मग पूर्ण काळोख. पुढच्या झाडाला हेच, थोड्या उशिराने. भटक्यांना प्रत्येक वेळी यादृच्छिक विश्रांती द्या. उजेडाचे आकडे ० ते २५५ सरळ चढवू नका. डोळ्याला मंद उजेडातला बदल फार जाणवतो, त्यामुळे सरळ चढ सुरुवातीलाच भडकल्यासारखा दिसतो. आकड्याचा वर्ग करून २५५ने भागा. १२८च्या जागी ६४ येतात आणि चढ मऊ होतो.

अधूनमधून दोन-तीन सेकंद सगळं बंद राहू द्या. पाहणारा तेव्हाच पुढे झुकतो.

रुळाजवळ सेन्सर असेल तर गाडी येताना काजवे मंद करा. कृत्रिम उजेडाने काजव्यांच्या संकेतांमध्ये अडथळा येतो, तेव्हा इंजिनाच्या झोतात ते फिके पडणं योग्यच आहे. याच कारणाने झाड फलाटाच्या दिव्यांपासून दूर, दरीच्या बाजूला हवं.

खोपोलीचे दिवे कसे केले?

मागच्या पडद्याच्या खालच्या भागात दाभणाने भोकं पाडून ०.२५ आणि ०.५ चे धागे. तीन जुड्या: पिवळसर पांढरी, ट्यूबलाइटसारखी थंड पांढरी, आणि सोडियम दिव्यांची नारिंगी. नारिंगी दिवे रस्त्याच्या रेषेत, बाकीचे पुंजक्यांनी. मधे काळे मोकळे पट्टे सोडा, तिथे शेती आणि झाडी आहे. समान अंतरावर ठिपके पाडले तर ते गाव वाटत नाही. दिवे लुकलुकते ठेवू नका, ते काम काजव्यांचं आहे.

भारतीय सिग्नल फायबरने होतील का?

फायबरचा खरा उपयोग तिथेच दिसतो. चार दिव्यांच्या सिग्नलमध्ये वरून खाली पिवळा, हिरवा, पिवळा, लाल असा क्रम असतो. दोन्ही पिवळ्यांच्या मधे हिरवा असल्यामुळे ‘डबल यलो’ (दोन्ही पिवळे एकदम पेटलेले) दुरूनही दोन वेगळे दिवे दिसतात. ०.५ मिमीचे चार धागे १.५ मिमी आतल्या व्यासाच्या पितळी नळीतून सहज जातात, आणि हीच नळी सिग्नलचा खांब. एलईडी चारही खाली, प्रत्येकाचा रंग स्वतःचा.

लूप लाइनला (मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळांवर) वळणाऱ्या गाडीसाठी होम सिग्नलवर, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलवर, पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग पेटते. तिला पाच धागे आणि एकच एलईडी. एलईडीने ही रांग एचओमध्ये नीट करणं फार अवघड आहे. शंट सिग्नलचंही (डबे-इंजिनं इकडून तिकडे हलवताना वापरतात त्या) तसंच: आडवे दोन पांढरे दिवे म्हणजे थांबा, तिरके दोन म्हणजे सावकाश पुढे.

गोंद आणि रंग कोणते टाळायचे?

झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट टाळा. त्याने धागा कडक होतो आणि हात लागताच तुटतो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर धागा विरघळवतात. पांढरा फेविकॉल किंवा सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी वापरा.

एखादाच धागा पेटत नाही. काय बघायचं?

एलईडीकडची जुडी बाहेर काढा आणि मोबाइलचा टॉर्च टोकांवर धरा. तरीही तो पेटला नाही तर वाटेत चेंबलाय किंवा तुटलाय. काळोखात धाग्यावर जिथे बाजूने उजेड गळताना दिसतो तिथेच दोष आहे. टॉर्चने पेटला तर तो जुडीत मागे सरकला होता. पुन्हा सगळी जुडी सारखी कापून घासा. यासाठी सुरुवातीलाच प्रत्येक धागा हातभर जास्त लांब ठेवावा. मीटरभरात जेमतेम ४-५ टक्के उजेड जातो, लांबीची काळजी नको.

माझ्या लेआउटवर धबधबे आहेत. काजवे चालतील?

माझं मत, नाही. काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचे. जोराचा पाऊस लागला की ते दिसेनासे होतात. घाट हिरवागार आणि धबधबे भरलेले म्हणजे जुलै-ऑगस्ट. काजवे हवे असतील तर गवत अजून पिवळं, नुकते हिरवे कोंब आलेलं ठेवा. पाहणाऱ्यांपैकी सह्याद्रीत फिरलेला एक जण तरी हे ओळखतो, आणि त्याच्यासाठी ते बरोबर असावं.

अशी रात्रीची रोषणाई प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे खेळ चालू असताना खोली अंधारवून रात्रही दाखवतात. परदेशी जाणं झालं तर हॅम्बुर्गचं मिनिआटूर वुंडरलांड. तिथे दर पंधरा मिनिटांनी दिवसाची रात्र होते. दोन्ही ठिकाणी दिव्यांपेक्षा दिव्यांमधला काळोख किती ठेवलाय ते बघा.

लेआउट दोन-तीन पाटांचा आहे आणि प्रदर्शनाला न्यायचा असतो. धागे जोडता येतात का?

फायबरला सांधा देऊ नका. नीट घासलेली टोकं समोरासमोर आणली तरी उजेड गळतो, आणि प्रवासात ती हलतात. धागा ज्या पाटावर आहे त्याच पाटाखाली त्याचा एलईडी बसवा आणि पाटांमध्ये फक्त विजेच्या तारा प्लगने जोडा. झाडं मुळाशी नळीत बसवून काढता येतील अशी ठेवायची असतील, तर झाड, धागे आणि एलईडी हा एकच संच समजा: तिघेही एकत्र वर उचलता येतील एवढं भोक पाटाला ठेवा, एलईडीला दोन पिनांचा कनेक्टर लावा, आणि त्यावर झाडाचा क्रमांक लिहा.